गाडी उंच झाली आणि मी जिन्याखाली गेले

मी एक जुनी सळई आहे. गॅरेजमध्ये मला 'स्टॅबिलायझर' म्हणतात. जीपच्या पोटाखाली, पुढच्या दोन चाकांमध्ये आडवं राहायचं आणि वळणावर गाडी एका अंगाला झुकू लागली की स्वतः पीळ सोसून तिला सावरायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, हे काम नीट झालं की काहीच घडत नाही; आणि काही न घडल्याबद्दल आजवर कुणाचा सत्कार झालेला नाही.

भट्टीत तापून, टोकांना वाकून, काळा रंग लावून घेऊन मी जीपला लागले. सात वर्षं सुखाची गेली. दर रविवारी आमचे मालक त्यांच्या वडिलांना, म्हणजे नानांना, घाटापलीकडे आत्यांकडे नेत. नाना निवृत्त बसचालक. शेजारी बसून उजव्या पायाने नसलेला ब्रेक उगाचच दाबत राहायचे. घाट उतरला की म्हणायचे, "गाडी गुणी आहे. चालवणाऱ्याचं बघू." ती शाबासकी मी गुपचूप स्वतःकडे घेत असे.

मग मालकांना डोंगर खुणावू लागले. त्यांनी उंच स्प्रिंगा घालून जीप चार इंच उचलली. "आता शिडी घेऊन फिरायचं का?" नानांनी विचारलं. मालकांना ते लागलं.

गाडी वर गेली आणि मला चाकांशी जोडणाऱ्या दांड्या तोकड्या पडल्या. "लांब दांड्या मागवतो, तोवर ही काढून ठेवा," मिस्त्री म्हणाला. "पण हिच्याशिवाय घाटात जाऊ नका." मालकांनी मान हलवली. मान हलवायला पैसे पडत नाहीत. मी गोणपाटात गुंडाळली जाऊन जिन्याखाली गेले. डोंगर राहिलेच; जीपने सर केलेली सर्वांत मोठी चढण म्हणजे कॉलनीच्या दारातला गतिरोधक.

पुढच्याच रविवारी ते घाटातून परतले आणि नाना जिन्यावर, माझ्या डोक्यावरच, मटकन बसले.

"गाडीतलं काही काढलंय का रे?"

"नाही हो. काय काढणार?"

"बोटीसारखी डुलतेय."

"तुम्हालाच चक्कर येत असेल, नाना. वय झालं आता."

शिडीचा टोमणा अजून ताजा होता. तीस वर्षं ज्याने परक्यांना घाटातून सुखरूप उतरवलं, त्याने गाडीवरची शंका मागे घेतली आणि स्वतःवर घेतली. कानाचे डॉक्टर झाले. काठी आली. रविवारी आत्यांचा फोन आला की जिन्यात बसून सांगायचे, "अगं, माझाच तोल गेलाय. पुढच्या महिन्यात बघू." लांब दांड्या पंधरा दिवसांतच आल्या होत्या. मिस्त्री फोन करून थकला. मालकांना सवड नव्हती.

जिन्याखालच्या माझ्या अकराव्या महिन्यात आत्या गेल्या. नाना जीपमधूनच निघाले. घाटात चार वेळा उतरून रस्त्याकडेला बसले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर मालकांनी स्वतः मला बाहेर काढलं, गंज घासला, गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्रीने लांब दांड्या लावून मला बसवलं, शॉकअप बदलले, चाकांचा कोन जुळवला, टायरमधली जास्तीची हवा कमी केली. मग मालक जीप घाटातून फिरवून आले; तिथली एकूण एक वळणं मी तोलून धरली. इतकं चांगलं काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. शेजारची सीट रिकामी होती.

संध्याकाळी मालक जीपचं दार उघडून उभे राहिले. "नाना, चला, एक चक्कर मारू. आता डुलत नाही."

"काय केलंस?"

"एक सळई काढली होती. परत बसवली."

"कधी काढली होतीस?"

"गाडी उचलली तेव्हा."

नानांनी वाकून जीपच्या पुढच्या चाकामागे पाहिलं.

"म्हणजे मी बरा होतो," ते म्हणाले, आणि काठी टेकत जिना चढून गेले. जीपमध्ये ते अजून बसलेले नाहीत.

मित्रांनो, सळयांची निगा राखा वगैरे मी सांगणार नाही. गंजाचं आमचं आम्ही बघून घेऊ. पण गाडीतलं काही काढून ठेवलंत, तर त्या गाडीत बसणाऱ्याला तेवढं सांगा. तो स्वतःलाच मोडीत काढायच्या आत सांगा.