अर्ध्या पडद्यातली फुगडी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइलचा स्टँड आहे. दुकानात टांगलेला असतो तसला चकचकीत नव्हे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याजवळच्या एका वाडीत परशूने मला चिवारीच्या तीन काठ्यांपासून बनवले. चिवारी म्हणजे आमच्या रानातला बारीक, भरीव बांबू. परशूने काठ्या वेताने आवळल्या आणि माथ्यावरच्या खाचेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला.

वाडीत मोबाइलला रेंज नसे. ती मिळे घरामागच्या टेकाडावर, जांभळाखाली. परशूची बायको गिरजा आणि मुलगी मयूरी संध्याकाळी तिथे येऊन व्हिडिओ काढत. त्या काळी छोट्या व्हिडिओंचे एक अ‍ॅप घरोघरी पोचले होते. पण दगडाला टेकवलेला मोबाइल सारखा उताराने घसरायचा. म्हणून माझा जन्म झाला.

गिरजा फुगडीची गाणी म्हणायची. फुगडीला दोघी लागतात, पण मयूरीला लाज वाटे. मग गिरजा एकटीच हात पुढे करून गिरक्या घ्यायची. ते बघून लोक हसायचे आणि पुन्हा पुन्हा बघायचे.

एकदा मयूरी मोबाइल बघता बघता थांबली. त्या अ‍ॅपवर कुणाच्याही व्हिडिओशेजारी आपला व्हिडिओ जोडता येत असे. पडद्याच्या एका अर्ध्यात गिरजा होती. दुसऱ्या अर्ध्यात एक बाई तिच्या दिशेने हात करून तेच गाणे म्हणत, तशीच फिरत होती.

"आई, ही अनुसया मावशी न्हवं?" मयूरी म्हणाली.

गिरजाने मोबाइल हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला.

अनुसया तिची धाकटी बहीण. रामनगरला दिलेली. त्यांची आई बाजारकुणंगला, दोघींच्या माहेरी वारली, तेव्हा पावसाने रस्त्यावर झाड पडले होते. अनुसया पोचली तोवर सगळे आटोपले होते. "पावण्यासारखी आलीस, पावण्यासारखी जा," असे गिरजा सगळ्यांदेखत म्हणाली. त्यानंतर कित्येक वर्षे दोघी बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी गिरजा ठेवणीतले लुगडे नेसून टेकाडावर आली. अनुसयाला आवडणारे गाणे तिने म्हटले. लगेच उत्तर आले. मग ते रोजचेच झाले. इकडून गिरजा हात पुढे करी, तिकडून अनुसया. लोकांना वाटे, काय गोड बहिणी आहेत! पण दोघींनी एकमेकींना एक अक्षरही कधी लिहिले नाही. फोनही केला नाही. माझे मात्र वाडीत कौतुक व्हायचे. मला कधी अभिमान वाटला असेल, तर तो त्या दिवसांत.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाला ते अ‍ॅप बंद झाले. सरकारने बंद केले, असे मयूरीने सांगितले.

"उद्या व्हईल चालू," गिरजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वेणीफणी करून आली. तिसऱ्या दिवशीही आली. मयूरी बटणे दाबत राहिली. "न्हाई आई, आता न्हाई हुईत." त्यानंतर टेकाडावर कुणी आले नाही. मी पावसात भिजत उभा होतो. अखेर परशूने मला परसात आणून रोवले आणि माझ्यावर दोडक्याचा वेल चढवला. मला वाईट वाटले. पण गिरजा दोडके काढताना मध्येच रस्त्याकडे बघत राही, ते बघून माझे दुःख मला लहान वाटू लागले.

दसऱ्याच्या सुमारास एक बाई पिशवी घेऊन परसात येऊन उभी राहिली. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा ती बरीच वाळलेली होती. गिरजाच्या हातातला दोडका हातातच राहिला.

"तुजं दिसणं बंद झालं," अनुसया म्हणाली. "म्हणून आले."

"फोन करायचा न्हाई व्हय?"

"लावला हुता. वाजायच्या आत ठिवला. फोनवर बोलाय लागतंय, अक्का. काय बोलावं सुचंना."

गिरजा खाली मान घालून म्हणाली, "रस्त्यात झाड पडलेलं मला ठाऊक हुतं. तरी बोलले तुला."

"ऱ्हाऊ दे आता."

"आईचा राग आला हुता मला. गेली म्हणून. तो तुज्यावर काढला."

अनुसयाने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. गिरजाने ते धरले. दोघी तिथेच, दोडक्याच्या आळ्याशेजारी फुगडी घालू लागल्या. दम लागला, पावले चुकली, पण कुणी हात सोडला नाही. मयूरी धावत मोबाइल घेऊन आली आणि मला उपटायला वाकली.

"ऱ्हाऊ दे त्येला," गिरजा धापा टाकत म्हणाली. "दोडकं हाईत त्येच्यावर."

मित्रांनो, आता वाळवीने माझा एक पाय पोखरला आहे. पुढच्या पावसाळ्यात मी उभा नसेन. त्याआधी एक मागणे मागतो. पडदा आज असतो, उद्या नसतो. त्याची चावी आपल्या हातात नसते. ज्याचे तोंड रोज बघावेसे वाटते, त्याच्या दारात जाऊन या. बोलायला काही सुचले नाही, तरी जा.