भुऱ्याचा जबडा

चेंदणीच्या कोळीवाड्यात ठमाबाई कुत्र्याला घाबरते हे सगळ्यांना ठाऊक होतं. साठीला आलेली, उधाणाच्या पाण्यात होडीवर ताठ उभी राहणारी बाई. पण वाटेत कुत्रं आडवं पडलेलं असलं की ती दुसऱ्या आळीने वळसा घालून जायची. तिला कुणी हसत नसे. ती नऊ वर्षांची असताना त्यांचा घरचाच कुत्रा पिसाळला आणि तिच्या बापाला चावला. चाळीस दिवसांनी बाप गेला. सारा जन्म खाडीवर काढलेला माणूस, पण शेवटचे दोन दिवस पाण्याचा लोटा दिसला तरी किंचाळायचा.

तिचा मुलगा कान्हा. त्याची बायको मालू कळव्याहून लग्न होऊन आली, आणि महिन्याभराने तिचा माहेरचा कुत्रा आगगाडीच्या पुलावरून खाडी ओलांडून तिच्यामागे आला. मातकट रंगाचा, एक कान फाटलेला भुऱ्या. ठमाबाईने एवढंच सांगितलं, "कुडाच्या भायेर राहील तर राहू दे. अंगनात पाय ठेवला तर मी घर सोडीन."

भुऱ्या कुडाबाहेर राहिला. पण मालूचं आणि त्याचं दिवसभर काहीतरी चाललेलं असायचं. त्याने कान टवकारून मान लांबवली आणि शेपूट दगडासारखी स्थिर धरली की मालू म्हणायची, "कोनी परका येतोय." कमरेपासून मागचं सगळं अंग हलायला लागलं की ती चुलीवर भात चढवायची, कारण कान्हाची होडी धक्क्याला लागलेली असायची. तो जांभई देऊन तोंड फिरवायला लागला की ती शेजारच्या पोरांना ओरडायची, "सोरा त्याला, कंटाललाय तो."

हे सगळं ठमाबाईलाही दिसत असे. मालू मायेने बघायची, ठमाबाई भीतीने. पन्नास वर्षं ती प्रत्येक कुत्र्याकडे अशीच लांबून, डोळ्यात तेल घालून बघत आली होती. कुठला कुत्रा नुसता भुंकतोय, कुठला खरंच अंगावर येईल, हे तिला मालूपेक्षा आधी कळायचं. फक्त ती ते कुणाला सांगत नसे.

थंडीतली एक सकाळ. मासळी निवडून झाली होती आणि बाया जाळी झटकत होत्या. तेवढ्यात शेजारचा राघो ओरडला, "भुऱ्याला बगा! पिसालला!"

भुऱ्या धक्क्याच्या उतारावर गोल गोल फिरत होता. जबडा उघडा पडलेला, मिटत नव्हता. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि त्या लालसर होत्या. बायांनी पोरं उचलून दारं लावली. राघो आणि दामाजी वल्ही घेऊन धावले. मालू मध्ये जायला निघाली, तेव्हा कान्हाने तिचा दंड धरला.

"जाऊ नको. तुला चावला तर?"

"तो मना चावनार नाय!"

"माझ्या आजालाबी असाच वाटला होता," कान्हा म्हणाला.

दामाजी वयाने मोठा, वाड्यात त्याचा शब्द चालायचा. त्याने वल्हं खाली टेकवलं आणि ठमाबाईकडे वळला. "ठमाबाय, आपल्यात पिसाललेला कुतरा घरात बगितलाय तो तूच. तू सांग. मारू?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. हो म्हटलं असतं तर कुणी बोल लावला नसता, आणि रोजची धास्तीही मिटली असती. मालू नुसती सासूकडे बघत राहिली.

ठमाबाई चार पावलं पुढे गेली आणि थांबली. तिने बघायला सुरुवात केली.

भुऱ्याने पुढचा पंजा उचलून स्वतःच्या तोंडावर ओढला. एकदा, दोनदा. मग जमिनीवर गाल घासला. दामाजीच्या हातात वल्हं हललं तसा तो पोटावर दबला आणि त्याने कान मागे पाडले. मालूचा हुंदका ऐकून त्याने मान वळवली. शेपटीचं टोक, तेवढंच, जमिनीवर हललं.

"थांबा," ठमाबाई म्हणाली. "आमचा कुतरा मना अजून डोल्यासमोर दिसतो. त्याला बाबा दिसत नव्हता, काठी दिसत नव्हती. डोलं उघरं होतं, पन त्यात कोनी नव्हता. हा काठीला भितोय. मालूला ओलखतोय. तोंडात काय दुखतंय ते पंजानं दावतोय."

"आनि चुकलीस तर?" राघोने विचारलं.

"म्हनून मीच जाते. म्हातारी हाय मी."

कान्हा "आये!" म्हणून ओरडला, पण ती ऐकणारी नव्हती. तिने तुटक्या वल्ह्याचा दांडा घेतला, पदर हाताला गुंडाळला आणि गुडघ्यांवर बसली. भुऱ्याने तिच्याकडे सरळ बघितलं नाही. मान बाजूला वळवली, डोळे अर्धे मिटले आणि तसाच पडून राहिला. तिने दांडा त्याच्या दाढांमध्ये आडवा घातला. आत टाळूला शिंगाळा माशाचा काटा रुतला होता, करवतीसारखा, या दाढेपासून त्या दाढेपर्यंत. तिने दोन बोटांनी धरून ओढला. भुऱ्या कळवळला, दांडा निसटला, जबडा झटकन मिटला, आणि काटा तिच्या हातात आला.

तिच्या बोटालाही दात लागला होता. रक्ताचा एक थेंब आला.

मालूने तिचा हात धुतला, चुना लावला आणि रडली. "आत्या, माझ्यासाठी कशाला गेलात?"

"तुझ्यासाठी नाय गो," ठमाबाई म्हणाली. "मना खरा काय ते दिसत होता. दिसूनबी गप कशी बसू?"

पुढचे दिवस मात्र कठीण गेले. रोज सकाळी ती सगळ्यांदेखत लोटाभर पाणी प्यायची, आणि प्यायच्या आधी क्षणभर थांबायची. बापाला चावलेला कुत्रा चौथ्या दिवशी मेला होता. चौथ्या दिवशी भुऱ्या भात खाऊन उन्हात पालथा झोपला. चाळीस दिवस सरले तेव्हा तिने बोटावरची चिंधी सोडून खाडीत टाकली.

भुऱ्याला तिने कधी कुरवाळलं नाही. पण कुडाचं दार उघडं ठेवू लागली. दुपारी तो येऊन तिच्या पायाला पाठ टेकून बसायचा.

"असा का टेकतो गो हा?" तिने एकदा मालूला विचारलं.

"काय मागत नाय. नुसता टेकतोय."

ठमाबाईने पाय हलवला नाही.

त्यानंतर आसपासच्या वाड्यांतून कुत्र्याचा संशय आला की लोक तिला बोलवायला यायचे. ती जाऊन बसायची, बराच वेळ बघायची. मारायचं का विचारल्यावर दोनदा ती नाही म्हणाली आणि ते कुत्रे जगले. एकदा हो म्हणाली. त्या दिवशी काठ्या थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि घरी येऊन जेवली नाही.