राजीखुशीचा कागद

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. यात ज्ञानू आहे आणि ज्ञानू माझा दोस्त आहे. शिवाय यात चूक माझीही आहे. पण तीन महिने झाले, दुसरी कुठली गोष्ट टाइप करायला बसलो की बोटं इकडेच वळतात. म्हणून गिऱ्हाईक नसेल तेव्हा थोडं थोडं बडवतोय.

कोल्हापुरात रजिस्टर कचेरीच्या व्हरांड्यात माझं टेबल आहे. शेजारी अंबादासपंत बसतात. तीस वर्षं ते लोकांचे अर्ज, दावे, खरेदीखतं लिहितायत. ते सांगतात, मी टाइप करतो. क्लासला कधी गेलो नाही, त्यांच्याच जुन्या मशीनवर चुकत चुकत शिकलो. गोष्टी लिहायलाही तसाच लागलो.

त्या दिवशी सकाळी माझी तिसरी गोष्ट मासिकाकडून परत आली होती. वर लाल पेन्सिलीनं एकच ओळ होती, 'संघर्ष दिसत नाही.'

पंतांना दाखवली. ते पानाला चुना लावत होते.

"मग घाल की संघर्ष. त्यात काय?"

"कुठला घालू?"

"अरे, आपल्याकडं रोज रांग लागते! भाऊ-भाऊ बांधावरून भांडतात, तो एक. गावानं वाळीत टाकलेला येतो, त्याचं भांडण सगळ्या गावाशी. पुरात रान वाहून गेलेला येतो. त्याचं भांडण नदीशी, अर्ज मामलेदाराला." पान तोंडात गेलं. "चौथं माणसाचं स्वतःशीच असतं. ते गिऱ्हाईक आपल्याकडं येत नाही. आलं तरी स्टँप कुठला लावणार?"

मी पाठकोऱ्या कागदावर चार खण आखले. ठरवलं, आज जो येईल त्याचं नाव यातल्या एका खणात टाकायचं.

पहिला आला ज्ञानू. बरोबर त्याची बहीण तानाबाई.

ज्ञानू कोडोलीचा. हायस्कूलला आम्ही एका बाकावर होतो. त्याचे वडील केरबा दिवाळीत वारले. आई तो दीड वर्षाचा असतानाच गेलेली. आदल्या साली, म्हणजे छप्पनला, कायदा झाला होता, बापाच्या मिळकतीत मुलींनाही हिस्सा. म्हणजे आता रान एकट्याच्या नावावर करायचं तर बहिणीची हक्कसोड लागणार. गावोगावच्या बहिणी देतच होत्या. कचेरीत यायचं, अंगठा उठवायचा, भावानं लुगडं-चोळी द्यायची, हॉटेलात भजी खायची, गाडीत बसायचं. आठवड्याला पाच-सहा हक्कसोडपत्रं मी टाइप करायचो. मजकूर तोंडपाठ. म्हणून ज्ञानूचं मी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, दोस्तीत. तानाबाईला कुणी काही विचारलं नव्हतं. ज्ञानूनं नाही, मीही नाही.

"आक्का, ह्योच माझा दोस्त," ज्ञानू म्हणाला. "शाळंत माझी भाकरी चोरून खायाचा त्यो."

"मग बरूबर जागी बसलाय की. कोर्टाच्या दारात."

पंतसुद्धा हसले. तानाबाई पस्तिशीची असेल. गडहिंग्लजला दिलेली. उन्हानं रापलेला चेहरा आणि आवाज असा खणखणीत की समोरचा पानवालाही वळून बघायचा. मी चार खणांच्या कागदाकडं बघितलं. इथं काही मिळणार नव्हतं. बहीणभाऊ हसतायत, संघर्ष कुठला?

अंगठ्याची शाई पुढं केली तशी ती म्हणाली, "आदी वाचा की. काय लिवलंय ऐकतो."

"आक्का, त्यात काय वाचायचं? समद्यांचं एकच असतंय."

"मग माझं बी वाचू दे."

मी वाचायला लागलो. सर्व्हे नंबर झाला. पूर्वेला ओढा म्हटल्यावर तिनं मान हलवली. "म्हसरं तितंच पानी प्यायाची." पश्चिमेला बांध, बांधावर दोन आंबे. त्यालाही मान हलवली. मग मी घडाघडा म्हणत गेलो, "कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या राजीखुशीने..."

"थांबा."

थांबलो.

"वढा खरा हाय. आंबं खरं हायती. दडपान बी कुनी आनलं न्हाई. पर ही राजीखुशी तुमास्नी कुनी सांगितली?"

कुणीच नाही. मी टाइप केली होती.

ज्ञानूचा चेहरा उतरला. "आक्का, तुला द्याचं न्हाई व्हय?"

"देतो की. द्यायालाच आलोय. न्हाई दिलं तर उद्या म्हायाराला कुठल्या त्वांडानं येऊ?" आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आई गेल्यावर चार वर्सं त्याच रानात तुला काखंत घिऊन म्हसरं राखली. एक डाव घरला येऊन इचारलं असतंस, आक्का, देतीस का, तर खुशीनं दिलं असतं. तू इचारलं न्हाईस, ज्ञानू. कागुद करून बलावलंस."



"असं लिवा," ती मला म्हणाली. "भावाला पायजे म्हनून दिलं."

मी पंतांकडं बघितलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "बाई, तसं लिहिलं तर आत साहेब कागद परत देतील. ते स्वतः विचारतात, राजीखुशीनं देताय का म्हणून."

तानाबाई शाईच्या डबीकडं बघत बसली. मग तिनं अंगठा बुडवला आणि कागदावर नीट, सावकाश दाबला.

आत साहेबांनी मान वर न करता विचारलं. उत्तर आलं नाही तशी त्यांनी मान वर केली. ज्ञानूचे कान लाल झाले होते.

"व्हय," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ज्ञानूनं लुगडं पुढं केलं. हिरवं इरकल, लाल काठाचं, मी बरोबर जाऊनच घेतलेलं. तिनं काठ दोन बोटांत धरून बघितला.

"चांगलं हाय," म्हणाली आणि ते माझ्या मशीनवर ठेवलं. "आत एक डाव खोटं बोललो, तुझ्यासाठी. आता ही नेसून सालभर बोलायला लावू नगंस."

"आक्का, च्या तरी..."

"गाडी चुकंल."

ती वळली आणि स्टँडच्या रस्त्याला लागली. अंगठ्याची शाई तिनं पुसलीच नव्हती.

दुपारी मी तिचं नाव पहिल्या खणात लिहिलं. पण ती भावाशी भांडली कुठं? खोडलं. दुसऱ्यात लिहिलं, गाव आणि रीत. तेही पुरं नव्हतं. मग चौथ्यात लिहिलं, तर तिथं ज्ञानूचंही नाव बसायला लागलं, आणि माझंही. दोन वर्षं मी आरडाओरडीची भांडणं टाइप करत होतो. हे भांडण माझ्याच टेबलावर झालं, आदल्या दिवशी, ती आलेलीही नसताना. आणि ते मीच टाइप केलं होतं.

नागपंचमीला तानाबाई माहेरी आली नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा. काल ज्ञानूनंच येऊन सांगितलं.

"तू गेला नव्हतास आणायला?"

"दरसाली जातो. औंदा चुलतभावाला लावून दिलं. त्वांड न्हाई मला." तो बाकावर टेकला. "तिनं त्येला जेवू घातलं. भांगलन हाय, सवड न्हाई म्हनली. पोरांस्नी शेंगा दिल्या पिशवीभर. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रं."

पंत मान खाली घालून लिहीत होते, पण बोरू थांबला होता.

"ऐतवारी जातोय मी," ज्ञानू म्हणाला.

"कागद आता फिरत नाही, ज्ञानू. रजिस्टर झालाय."

"ठावं हाय. इचारायला जातोय. आक्का, देतीस का, म्हनून."

"आणि नाही म्हणाली तर?"

त्यानं खांदे उडवले. मग म्हणाला, "तू चल की माझ्यासंगं. येताना यष्टीत येकटा बसवायचा न्हाई मला."

मी त्याला सांगितलं, "रविवारी पहिल्या गाडीला स्टँडवर असेन. तू विचार, मी शेजारी बसतो. ती काय म्हणेल ते दोघं मिळून ऐकू. आणि ज्ञानू, ते मी कुठंच लिहिणार नाही."