शाफ्टच वाकडा!

मित्रांनो, मी एक जुना शाफ्ट आहे. ट्रकच्या पोटाखाली, गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांच्या हौजिंगपर्यंत, म्हणजे आसाच्या पेटीपर्यंत, एक लांब लोखंडी दांडा गरगरतो ना, तोच मी. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायची, हे माझं काम. जत तालुक्यात नानासोंच्या पाण्याच्या टँकरखाली मी हयात घालवली. टँकर वस्तीवर आला नाही तर तिथली माणसं आणि मेंढरं तहानलेली राहायची, हे मला ठाऊक होतं.

दर खंडेनवमीला नानासो गाडीखाली सरपटत येऊन मला हळदकुंकू लावायचे. "माझा शाफ्ट म्हंजे बंदा रुपया," असं चारचौघांत सांगायचे. मी भोळा, ते खरं मानून बसलो.

यंदा जुनं इंजिन बसलं. दुसऱ्या ट्रकचं इंजिन घालायचं काम सयाजींना दिलं. ते नानासोंच्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. त्यांनी नुकतंच गॅरेज काढलं होतं. नवं इंजिन अंगानं मोठं. खाली घासू नये म्हणून दाजींनी ते पुढून पट्ट्या घालून उचललं. पुढून उचललं की मागं गिअर बॉक्स झुकणारच! मित्रांनो, गिअर बॉक्सचा आणि हौजिंगचा कल सारखा असला, तरच माझ्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, एकमेकांचे हिसके झेलून घेतात. तो कलच बिघडला. वेग घेतला की मी थरथरायचो आणि सगळी गाडी हादरायची.

नानासोंनी मला खोलून लेथवर नेलं. लेथवाल्यानं फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो सरळ हाय की! इंजिनाचा कल बगा."

मला हायसं वाटलं. नानासो मला घेऊन तडक दाजींकडं गेले. "दाजी, इंजिनाचा कल जरा बगता का?"

दाजींचं तोंड उतरलं. "म्हंजे माझं काम खोटं व्हय?"

बहिणीच्या दारात उभं राहून दाजींच्या कामाला नाव ठेवायचं? नानासोंची जीभच रेटेना. "न्हाई वो दाजी! शाफ्टच वाकडा आसंल," ते म्हणाले. ज्या हातांनी मला कुंकू लावलं, त्याच हातांनी त्यांनी मला घरी आणून मागच्या परड्यात फेकलं.

नवा शाफ्ट आला आणि तोही थरथरला. क्रॉस तुटून भरला टँकर माळावरच उभा राहिला. वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन वाट बघत बसल्या. नानासोंची बायको हरणाबाई कडाडली, "आवं, आता ह्यो नवा बी वाकडाच का?"

तेव्हा कुठं दाजी मुकाट्यानं गाडीखाली शिरले. दोन्हीकडचा कल कोनमापकानं मोजला, गिअर बॉक्सखाली पट्ट्या घालून तो बरोबर केला. गाडी लोण्यासारखी पळाली. मला वाटलं, आता तरी नानासो परड्यात येतील.

त्या दिवशी दाजींना मटणाचं जेवण झालं. परड्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

"दाजींचा हात लय गुणाचा," नानासो पाव्हण्यांना सांगत होते. "जुना शाफ्टच वाकडा हुता."

हरणाबाईनं दाजींच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मित्रांनो, यंत्र हादरलं तर आधी त्याची बसणी तपासा, कल मोजा. माणसाचा मान जरूर राखा, पण त्यापायी मुक्याचं नाव घालवू नका. त्याला उलटून बोलता येत नाही. मी आज गंजतोय, त्याचं दुःख नाही.

पण मी वाकडा नव्हतो, आणि नानासोंना ते माहीत होतं.