बाई दगड झाल्या

"बाई, लवकर या! ती तुम्हाला खुणेनं बोलावतेय!" खेळाच्या कोपऱ्यातून पोरं ओरडली.

बालवर्गाच्या बाई हातातला खडू टाकून धावल्याच. नियम त्यांनीच केला होता: खेळाच्या तासाला मोठ्या माणसाने मध्ये लुडबुड करायची नाही, एखाद्या मुलाने काम दिलं तरच खेळात शिरायचं. या नियमापायी बाई आजवर आजारी म्हैस झाल्या होत्या, बंद पडलेली मोटार झाल्या होत्या, एकदा तर नुसतंच दार. पण वर्गातल्या एका गप्प मुलीने त्यांना कधीच खेळायला घेतलं नव्हतं. शाळेत आल्यापासून तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. घरी म्हणे तोंड मिटता मिटत नसे.

आणि आज तिने आपणहून बाईंचं बोट धरलं! त्यांना गुडघ्यांवर बसवलं, डोकं दाबून वाकवलं, भोवती निळी चादर पसरली आणि पाठीवर लाकडी बेडूक ठेवला.

"बाई, तुम्ही दगड झालात! नदीतला!" एक पोरगा आनंदाने किंचाळला. गप्प मुलीने जोरात मान डोलावली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. अख्ख्या नोकरीत एवढी मोठी बढती त्यांना मिळाली नव्हती.

नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब दारात हजर. हा तास ठेवायचा की त्याऐवजी पोरांना अक्षरं गिरवायला बसवायचं, ते आज त्यांच्या हातात होतं.

"बाई कुठायत?"

"त्या काय, खाली," मदतनीस मावशी ओशाळून म्हणाल्या.

काळे बूट चादरीपाशी येऊन थांबले. "बाई, हे काय चाललंय? यातून मुलं शिकतात तरी काय?"

उत्तर बाईंनी आठवडाभर घोकलं होतं. अगदी जिभेवर आलं. पण आपण बोललो की दगड संपला, नदी संपली, आणि ही पोरगी पुन्हा कधी बोट धरेल कुणास ठाऊक. बाईंनी दातांवर दात दाबले.

"मी तुमच्याशी बोलतोय!" साहेबांचा आवाज चढला. "असंच असेल तर उद्यापासून बंद करा हे!"

तरी बाईंनी बेडूक हलू दिला नाही.

"तो दगड आहे."

आवाज बारीक, पण खणखणीत. हा आवाज बाईंनी कधी ऐकलाच नव्हता. दोन इवली पावलं त्या बुटांसमोर येऊन उभी राहिली.

"दगड बोलतो का कधी? त्याच्यावर बेडूक झोपलाय. हळू बोला. आणि पाय वर घ्या, भिजले तुमचे बूट!"

"अगं बाई, बोलली!" मावशी ओरडल्या. "साहेब, शाळेत आल्यापासून आज पहिल्यांदा तोंड उघडलं हो पोरीनं!"

मग पोरांची छोटी खुर्ची करकरली, आणि वाकलेल्या बाईंच्या डोळ्यांदेखत ते बूट जमिनीवरून उचलले गेले.

"अजून वर," मुलगी म्हणाली.

बूट अजून वर गेले.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. पण पुसणार कशा? दगडाला हात नसतात.