गुडघ्याच्या मापाचा पलंग

तुळसाबाईने माळ्यावरचे जुन्या हातमागाचे खांब उतरवून लाकूड कातणाऱ्या खरादीकडे पाठवले, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला. नातवाचं, प्रज्वलचं, हिमानीशी लग्न दिवाळीनंतर आहे; म्हातारी त्याच्यासाठी पलंग करून राहिली. तुळसाबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पलंग तिला स्वतःसाठी पाहिजे होता. पण सत्तरी उलटलेल्या बाईने 'मले पलंग पाहिजे' हे कोणत्या तोंडाने म्हणावं? अख्खं हुडकेश्वर पदराआड हसलं असतं, आणि सगळ्यात आधी शेजारची इंदूबाई.

खरं तर हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. लग्न होऊन ती उमरेडच्या घरी आली, तेव्हा एकच खोली आणि खोलीत माग. मागातून उरेल त्या जागेत माणसं. ती पाय मागाखाली सारून झोपायची. कूस बदलली की खांबावर ढोपर आपटायचं. यजमान देवराव गेले, माग बंद पडला, मुलाने नागपुरात, हुडकेश्वरला, घर बांधलं. पलंग आले, पण दुसऱ्यांचे. आधी सुनेचा, मग नातवंडांचे. तिच्या वाट्याला सतरंजी आणि डास. आता गुडघे रोज सकाळी भांडायचे, की जमिनीवरून तुला उठवणं आमच्याच्याने होत नाही.

खरादी नत्थूजी तिच्या माहेरच्या मोहल्ल्यातला. त्याने मोबाइलवर नक्षीचे फोटो दाखवायला घेतले.

"ठेव तो डब्बा," ती म्हणाली. "खाली मडक्यासारखा गोल, वर मडकं, मधात नितळ खांब. लय बारीक नक्षी नको, धूळ बसते अन् पुसायले सून बसत नाही. वर मच्छरदाणी बांधता आली पाहिजे."

"अन् बसायची उंची?"

तिने कमरेच्या पिशवीतून गाठ मारलेलं सूत काढलं. दार लावून, आपल्या तळपायापासून गुडघ्यापर्यंत धरून घेतलेलं माप होतं ते.

"गादी धरून एवढी."

"एवढा बुटका? नवरदेव लंबा आहे म्हणते तुमची सून. गुडघे कानाले लागतीन त्याचे."

"तू खराद चालव गा. तोंड चालवाले मी आहो."

खांब फिरू लागला. खळ आणि तेल पिऊन काळंठिक्कर पडलेलं लाकूड वरून सोललं गेलं आणि आतून पिवळंधमक सागवान निघालं. वासही असा, की जणू कालच तोडलं. तुळसाबाईने एक भुसभुशीत साल उचलून हुंगली.

"माह्या पोरानं भंगारात देतो म्हटलं होतं याले," ती म्हणाली. "वरून म्हातारं दिसलं की झालं."

पलंग घरी आला. नत्थूजीने स्वतः येऊन पट्ट्या खांबांत ठोकल्या. सुनेने, मायाने, गादी टाकली, नवी चादर अंथरली, इंदूबाईला बोलावलं आणि प्रज्वलला आधी बसवलं. तो बसला, तसे त्याचे गुडघे छातीशी आले. बेडूकच दिसत होता.

मायाचा चेहरा पडला. "काका, माप चुकवलं तुम्ही. आता काय पायाखाली विटा लावाच्या? लग्नाच्या पलंगाले?"

"खरादीचं लक्ष नसन," इंदूबाई म्हणाली. "वय झालं आता."

नत्थूजीच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्याने तुळसाबाईकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने हातोडी पिशवीत टाकली. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याचं ते गप्प बसणं तिला लागलं. देवरावांनी लुगडं विणावं आणि गिऱ्हाइकाने आपणच सांगितलेल्या काठाला नावं ठेवावीत, असं कितीदा झालं होतं. तेव्हा त्या गिऱ्हाइकांना तिने मनात काय काय म्हटलं, ते तिला आठवलं.

"माप बराबर आहे," ती म्हणाली. "माप माह्यं आहे."

"म्हणजे?" इंदूबाईने डोळे मोठे केले. "लग्न कोणाचं आहे वं?"

"लग्न त्याचं. गुडघे माहे. ऊठ रे."

प्रज्वल उठला. तुळसाबाई बसली. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले. ती उठली, पुन्हा बसली. कुठे हात टेकावा लागला नाही.

"आजी, मग आधी काहून नाही सांगितलं?" प्रज्वल हसत म्हणाला. "मी चिंतेत होतो. हिमानीनं तर तिकडं दुकानात डबलबेड पसंत करून ठेवला."

"अन् माह्याजवळ कोणी बोललं नाही," माया म्हणाली.

"या घरात सांगते कोण? सारे आपल्याच मनानं समजून घेते," तुळसाबाई म्हणाली आणि पाय वर घेऊन आडवी झाली. मागाच्या त्याच चार खांबांत ती पुन्हा होती. फक्त आता मधली जागा सगळी तिची होती. मायाने उशी आणून तिच्या डोक्याखाली सारली.

इंदूबाई खांबावरच्या मडक्यावरून बोट फिरवत होती. हसली नव्हती. नत्थूजी निघाला तशी ती हळूच त्याच्याजवळ सरकली.

"का जी, मीबी सूत आणून दिलं तर?"

"आधी हसून घे इंदे," तुळसाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "मग माप दे."