तानीबाईचा गॅस पेटत नाही

दिवाळीत आईच्या परसात गोबरगॅस बसवला आणि आता तंबाखूची काढणी उरकली, तरी आमच्या मातोश्री तानीबाईंचा चहा चुलीवरच! मी पारमिता, बेळगावात हायस्कुलात विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात फळ्यावर गोबरगॅसचं चित्र काढण्यात माझी अर्धी नोकरी गेली. फळ्यावरची ज्योत कायम निळी पेटते. आईकडची शेगडी दोनदा फुसफुसते आणि गप्प बसते.

ही काही माझी हौस नव्हती. आईच्या छातीचा भाता झालाय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर पुढचं मला विचारू नका. आणि ही तंबाखूच्या वाळक्या काड्या चुलीत सारते, ज्यांच्या धुरानं गोठ्यातल्या म्हशीसुद्धा शिंकतात. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

बेळगावच्या खासबागेतून निघायचं, निपाणीला बस बदलायची आणि गावी जाऊन भांडायचं, असा माझा रविवार झाला होता. आधी सापडला सौरव, ज्यानं टाकी बसवली तो. त्यानं झाकण उघडून काठीनं ढवळलं.

"टीचर, हितं नुसतं पाणीच हाय की. शेण कुठाय?"

"गोठ्यात दोन म्हशी आहेत. शेण नाही तर काय पेढे देतात त्या?"

तो बिचारा हात झटकून गेला. आईला विचारलं तर म्हणाली, "घातलंय की गं सकाळीच."

मग शेण जातं कुठं? शेजारच्या रवळूचा ऊस यंदा माजलेला दिसत होता. माझा संशय तिकडं धावला. कुंपणापाशी जाऊन मी सरळ विचारलं, "रवळू, आमचं शेण नेतोस का रे?"

रवळू उसळलाच. "काय बोलतासा आक्का! उलट तुमची आईच माझ्याकडनं रोज पाटीभर शेण नेती. म्हनती, गॅसला कमी पडतंय."

आता माझं डोकंच चालेना. आमच्या म्हशींचं शेण, वर रवळूचं शेण, आणि टाकीत पाणी! पदार्थ कधी नाहीसा होत नाही, हे वर्गात मीच घसा फोडून सांगते. रवळूची माफी मागायचीही शुद्ध राहिली नाही. मी गोठ्यामागं गेले.

तिथं उसाच्या पाल्यानं शाकारलेले गोवऱ्यांचे दोन हुडवे उभे होते. कोपऱ्यात एक जुना, पुढं एक नवा. शेणीवर शेणी, एकसारखी, कोरडी ठणठणीत.

"आई! अगं, हे चुलीत घालतेस? मरायचंय का तुला?"

आई खोकत खोकत आली. "चुलीत कशाला घालू? चुलीला काड्या हाईत. त्या मरनाच्या शेणी हाईत."

मयत झालं की सरणासाठी घराघरातून चार शेणी यायच्या, ही गावची रीत. ती मलाही माहीत होती. पण रीत आमच्यापर्यंत कुठवर यायची, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुजा बा गेला तवा पावसाचे दिस. आपल्या गल्लीत ढोरं कुनाकडं हुती? वरच्या गल्लीत मागाय गेल्यावर म्हनले, भिजल्यात. कोरडे हुडवे डोळ्याम्होरं दिसत हुते, पारू. तुजा मामा निपानीस्नं लाकडं घिऊन येस्तवर त्यो रातभर पडवीत."

मी तेव्हा बेळगावात हॉस्टेलला होते. पोचले तेव्हा आप्पा पडवीतच होते. लेकीसाठी थांबवलंय, असं कुणीतरी म्हणालं, आणि इतकी वर्षं मी तेच उराशी धरून होते. आता ते कुठं ठेवायचं, मला कळेना.

"अगं पण आता लाकडं विकत मिळतात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"मिळत आसतील. कुनाच्या दारात जायाचं न्हाय मला."

"बरं बाई. पण एका माणसाला एवढ्या?"

आईनं कोपऱ्यातल्या जुन्या हुडव्याकडं हात केला. "माज्या त्या. लई दिस झालं पुऱ्या हून." मग पदरानं कपाळ पुसत नव्याकडं बघून म्हणाली, "ह्या तुज्या."

"माझ्या?"

"खासबागंत तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातीस. म्हस न्हाय, लेकरू न्हाय. मी गेल्यावर तुला कोन देनार गं?"

हसावं की रडावं ते समजेना. माझं सरण रचण्यासाठी ही बाई आपला श्वास घालवत होती, आणि मी टाकीचा नळ तपासत होते!

"आई, हे बघ," मी म्हणाले, "आजपासून शेण टाकीत. माझ्या शेणी मीच थापीन, रविवारी येऊन."

"येत्यात तुला?"

मी बाह्या सारल्या, पाटीतला गोळा उचलला आणि जोर लावून जमिनीवर थापला. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली, अशी शेणी झाली. आईनं वाकून बघितलं.

"आसली जळायची न्हाय," ती म्हणाली, आणि खोकत खोकतच खाली बसून माझी शेणी मोडून पुन्हा थापू लागली.